न्यायदेवतेची पट्टी आणि पोसायडनचा रिकामा हात

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या पुतळ्याचे फोटो सगळीकडे फिरले. साडी नेसलेली, डोळे उघडे, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात तलवारीऐवजी संविधान. कुणाला ते आवडलं, कुणाला नाही. पण रोमन काळापासून चालत आलेली डोळ्यांवरची पट्टी आता निघाली, असं दोन्हीकडच्या बऱ्याच जणांनी धरूनच चाललं होतं.

प्राचीन रोमच्या न्यायदेवतेला पट्टी नव्हतीच. रोमन नाण्यांवर ‘युस्तितिया’ दिसते ती बहुतेकदा हातात पूजेची थाळी आणि राजदंड घेऊन, चांगले उघडे डोळे ठेवून. तराजू असतो तो ‘एक्विटास’ नावाच्या दुसऱ्याच देवतेकडे, आणि तिच्या दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. डोळ्यांवरची पट्टी आली ती पंधराव्या शतकाच्या शेवटी, तीही टिंगल म्हणून. १४९४ साली बासेलला छापलेल्या एका उपहासात्मक चित्रात एक विदूषक मागून येऊन न्यायदेवतेच्या डोळ्यांवर फडकं बांधतो आहे. न्यायालयात आंधळा कारभार चालतो, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या काही दशकांत लोकांनी त्याच फडक्याला ‘निःपक्षपात’ म्हणायला सुरुवात केली.

म्हणजे पुतळा दिसतो सगळ्यांना, पण तो वाचण्यासाठी लिपी यावी लागते. ग्रीक आणि रोमन शिल्पांची लिपी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तिची निम्मी बाराखडी आपण देवळात जाऊन जाऊन शिकलेलो आहोत.

मूर्ती ओळखायची कशावरून?

देवळात शिरल्यावर आपण मूर्तीचा चेहरा निरखून ‘हा विष्णू’ असं ठरवत नाही. शंख, चक्र, गदा, पद्म बघतो. संध्येतली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं ज्या विष्णुमूर्तींची आहेत, त्यांच्यात फरक असतो तो फक्त कोणतं आयुध कोणत्या हातात याचा. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती तर इतक्या सारख्या की पायाशी कोरलेलं लांछन बघितल्याशिवाय नेमके कोणते तीर्थंकर हे बहुधा कळत नाही. बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर.

ग्रीक शिल्पकार हेच करत होते. झ्यूस म्हणजे वज्र आणि गरुड. पोसायडन हा समुद्राचा देव, म्हणून त्याच्याकडे मासेमाराचा तीन टोकांचा भाला आणि जवळपास एखादा डॉल्फिन. अथीनाचं शिरस्त्राण, अपोलोची वीणेसारखी ‘लायर’, हर्मीसचे पंखवाले जोडे, हेराक्लीस या वीराचा सोटा आणि सिंहाचं कातडं. अशा ओळखीच्या वस्तूला आपण या लेखापुरतं लांछनच म्हणू. रोमनांनी या देवांना नवी नावं दिली, झ्यूसचा ज्युपिटर आणि अथीनाची मिनर्व्हा झाली, पण लांछनं बहुतेक तीच ठेवली.

इथे एक धोका आहे. वस्तू सारखी दिसली म्हणून अर्थ सारखा नसतो. आपल्याकडे तीन टोकांचं शस्त्र दिसलं की हात आपोआप शिवापुढे जोडले जातात. पोसायडनचा आणि शिवाचा काही संबंध नाही. त्याचं ते हत्यार मासळी टिपण्याचं आहे.

वस्तूच हरवली तर?

१९२० च्या दशकात ग्रीसमधल्या आर्टेमिसियन भूशिराजवळ समुद्रातून एक पितळी रंगाचा थोराड माणूस वर आला. कांस्याचा पुतळा, उंची २.०९ मीटर, इसवी सनापूर्वी ४६० च्या आसपासचा. दाढीवाला, अंगावर चिंधी नाही, डावा हात नेम धरल्यासारखा समोर ताणलेला, उजवा हात काहीतरी फेकण्याच्या बेतात मागे. आज तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्या उजव्या हातातली वस्तू मात्र गेली. आणि तेवढ्याने हा देव कोण, यावर पिढ्यान् पिढ्या वाद चालला. वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. लांब दांड्याचा त्रिशूळ अशा पवित्र्यात चेहऱ्याआड आला असता आणि इतका सुंदर चेहरा झाकायला शिल्पकार काही वेडा नव्हता, या कारणासाठी बहुतेकांचा कौल झ्यूसच्या बाजूने आहे. याच पवित्र्यातल्या, हातात वज्र असलेल्या झ्यूसच्या छोट्या मूर्तीही सापडलेल्या आहेत.

असाच एक रिकामा हात कोल्हापुरात आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर कांस्याच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात रोमन बनावटीची भांडी होती आणि पोसायडनची एक छोटी, देखणी मूर्ती होती. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचा माल सातवाहनांच्या मुलखात येत असे, त्याची ही हातात धरता येईल अशी साक्ष. तिचा एक हात उंचावलेला आहे, त्यातला त्रिशूळ नाही. दाढी, देहाची ठेवण, उभं राहण्याची ढब आणि इतरत्र सापडलेल्या तशाच मूर्ती यांच्या आधारे तो पोसायडन ठरला. ब्रह्मपुरीत ती मूर्ती ज्याच्या घरी होती त्याने तिला समुद्रदेव म्हणून ओळखलं असेल का? मला शंका आहे.

मेदूसाचा चेहरा अथीनाच्या छातीवर का?

केसांच्या जागी साप, डोळे वटारलेले, जीभ बाहेर. तिच्याकडे पाहणारा दगड होतो. अशी ही मेदूसा ग्रीक मंदिरांवर, ढालींवर आणि थेट अथीना देवीच्या छातीवर दिसते. नवख्या माणसाला वाटतं, देवीच्या अंगावर राक्षसीण कशी?

घराच्या बांधकामावर टांगलेली काळी बाहुली आठवा. दुकानाच्या दारातलं लिंबू-मिरची आठवा. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख. भीतिदायक चेहरा वाईटाला पळवून लावण्यासाठीच असतो. मेदूसाचं काम तेच.

अथीनाची सर्वांत प्रसिद्ध मूर्ती फिडियास या शिल्पकाराने घडवली आणि ती इसवी सनापूर्वी ४३८ मध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात बसली. उंची सुमारे १२ मीटर, कातडी हस्तिदंताची आणि वस्त्रं सोन्याची. ती आज उरलेली नाही. जुनी वर्णनं आणि छोट्या प्रतिकृती आहेत. एका हातात पंखवाली विजयदेवता, बाजूला ढाल, ढालीशी साप. हा साप अथेन्सच्या पौराणिक मूळपुरुषाचा, म्हणजे ‘आम्ही याच मातीतले’ असा दावा. थुसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की मूर्तीवर ४० टॅलेंट, म्हणजे साधारण एक टन सोनं होतं आणि ते काढता येण्यासारखं बसवलं होतं. युद्धात नड आली तर वापरा, पण नंतर भरून द्या, असं अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने अथेन्सकरांना सांगितलं होतं. देवी म्हणजे शहराची तिजोरीही होती.

ढालीच्या बाहेरच्या बाजूला ग्रीक आणि पुराणातल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन स्त्रियांची लढाई कोरलेली होती. पार्थेनॉनच्या ९२ चौकोनी शिल्पपट्टांवरही अशाच लढाया आहेत: देव विरुद्ध दैत्य, माणसं विरुद्ध अर्धे घोडे-अर्धे माणूस असलेले सेंटॉर, ग्रीक विरुद्ध ट्रॉय. या पुराणकथाच का? कारण इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचा, पार्थेनॉन ज्यावर आहे तोच डोंगर जाळला होता. तो घाव, आणि पुढे इराण्यांवर मिळवलेला विजय, त्यांनी या कथांच्या आडून सांगितला.

यात समजायला कठीण काही नाही, निदान मराठी माणसाला तरी. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. अथेन्सच्या माणसाला सेंटॉर बघून इराणी आठवत होता, तो असाच.

कपडे का नाहीत?

हा प्रश्न संग्रहालयात मुलं मोठ्याने विचारतात आणि मोठी माणसं त्यांना पुढे ढकलतात. उत्तर लपवण्यासारखं नाही. ग्रीक पुरुष व्यायाम आणि क्रीडास्पर्धा उघड्या अंगाने करत. ‘जिम्नॅशियम’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गिम्नोस’चा अर्थच ‘नग्न’. कमावलेला, संयमी देह हे चांगल्या नागरिकाचं लक्षण मानलं जाई. म्हणून नग्नता हाच देवांचा आणि वीरांचा पोशाख झाला. कोल्हापूरजवळच कुंभोजला बाहुबलीची उंच दिगंबर मूर्ती आहे. तिथे अंगावर वस्त्र नाही कारण सगळं सोडलं आहे. ग्रीक वीराने काहीच सोडलेलं नसतं, उलट तो मिळवलेलं दाखवत असतो.

बायकांच्या बाबतीत मात्र शतकानुशतकं वस्त्रंच होती. इसवी सनापूर्वी ३५० च्या सुमारास प्राक्सिटेलीस या शिल्पकाराने स्नानाला निघालेली प्रेमदेवता अफ्रोडायटी नग्न घडवली आणि खळबळ उडाली. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याने एक वस्त्र नेसलेली आणि एक नग्न अशा दोन मूर्ती विकायला काढल्या होत्या. कॉस बेटाच्या लोकांनी सोज्ज्वळ ती घेतली, उरलेली क्निडॉसने. पुढे लांबलांबून गलबतं आली ती क्निडॉसलाच. त्या मूर्तीजवळचा पाण्याचा घडा मला फार आवडतो. तो लांछन आहे, आणि सबबसुद्धा: ‘आंघोळच करतेय, तुम्हीच मध्ये आलात.’

रोम आणि चौकातला फ्लेक्स

रोममध्ये या लिपीला राजकारणाची धार आली. वाचकहो, नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा. साहेब साठीचे, फोटो पस्तिशीतला. मागे वाघ. वर कोपऱ्यात दिवंगत थोर नेते आशीर्वाद देताहेत. खाली लहान गोलांत इच्छुकांची मांदियाळी. हे सगळं समजलं की प्रिमा पोर्टाचा ऑगस्टस समजला.

रोमजवळच्या प्रिमा पोर्टा इथे, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्याच्या अवशेषांत १८६३ साली हा संगमरवरी पुतळा मिळाला. दोन मीटरहून थोडा उंच, आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात. उजवा हात सैन्यापुढे भाषण करणाऱ्या सेनापतीसारखा वर. उभं राहण्याची ढब उसनी आहे. ऑगस्टसच्याही चारशे वर्षं आधीच्या पॉलिक्लायटस या ग्रीक शिल्पकाराच्या भालाधारी तरुणाची. एका पायावर भार, दुसरा सैल, त्यामुळे कंबर आणि खांदे उलट्या दिशांना कललेले. आपल्या मूर्तिशास्त्रातला ‘आभंग’ याच्या जवळ जातो. ती ढब बघताच शिकलेल्या रोमन माणसाला ग्रीसचा सुवर्णकाळ आठवावा, ही योजना.

आता छातीवरचं चिलखत बघा. मधोमध एक पार्थियन, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याचा माणूस रोमन सैन्याचं निशाण परत देतो आहे. इसवी सनापूर्वी ५३ मध्ये कार्हाईच्या लढाईत पार्थियनांपुढे रोमन सेनापती क्रॅससचा धुव्वा उडाला आणि रोमन निशाणं शत्रूच्या हाती गेली. जरीपटका शत्रूने नेणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ती निशाणं इसवी सनापूर्वी २० मध्ये परत आली. लढाई न होता, वाटाघाटींतून. चिलखतावर मात्र हा प्रसंग साऱ्या विश्वाने पाहावा असा मांडलाय: वर आकाशदेव आभाळाचं वस्त्र ताणून धरतो, सूर्य रथातून निघालाय, खाली अपोलो आणि डायना, अगदी तळाशी भरलेलं शिंग घेतलेली भूमाता आणि तिच्या अंगाशी दोन बाळं. दोन्ही कडांना खिन्न बसलेल्या स्त्रिया, म्हणजे जिंकलेले प्रदेश. वाटाघाटींचं श्रेय असं घ्यावं.

पायाशी डॉल्फिनवर बसलेला क्युपिड आहे. तो व्हीनसचा, म्हणजे रोमनांच्या अफ्रोडायटीचा मुलगा, आणि व्हीनस समुद्रातून जन्मलेली. ऑगस्टसचं दत्तक घराणं, म्हणजे ज्युलियस सीझरचं, स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवत असे. तेव्हा ते गोंडस बाळ म्हणजे फ्लेक्सच्या कोपऱ्यातले आशीर्वाद देणारे पूर्वज. आणि सेनापती चिलखत घालून अनवाणी का? कारण देव आणि वीर अनवाणी असतात. याच पायांमुळे काही अभ्यासकांना वाटतं की हा पुतळा ऑगस्टस वारल्यावर, त्याला देवत्व दिल्यानंतरचा आहे.

ऑगस्टस इसवी सन १४ मध्ये पंचाहत्तरी ओलांडून गेला. त्याचे पुतळे तोपर्यंत तरुणच राहिले.

त्याच्या आधीच्या पिढीत उलटी रीत होती. प्रजासत्ताकाच्या काळातले मातब्बर रोमन आपल्या पुतळ्यांवर सुरकुत्या, टक्कल, खप्पड गाल हौसेने कोरून घेत. सुरकुती म्हणजे अनुभव. तिवोलीला मिळालेल्या एका सेनापतीच्या पुतळ्यात तर वर सुरकुतलेला म्हातारा चेहरा आणि खाली ग्रीक पैलवानाचं पीळदार शरीर आहे. आपल्याला हसू येतं. त्याला दोन्ही हवं होतं, अनुभवही आणि ताकदही. पुढे कोमोडस या सम्राटाने डोक्यावर सिंहाचं कातडं आणि खांद्यावर सोटा घेऊन स्वतःला सरळ हर्क्युलिस, म्हणजे ग्रीकांचा हेराक्लीस म्हणूनच घडवून घेतलं. तो इसवी सन १९२ च्या शेवटच्या दिवशी मारला गेला.

एक छोटी खूण जाता जाता. रोमन पुतळ्यातल्या पुरुषाने अंगावरचं वस्त्र डोक्यावरून घेतलं असेल तर तो पूजा किंवा बळी अर्पण करतो आहे. पूजेला बसताना डोक्यावर टोपी नाहीतर उपरणं घेणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

हे सगळं अभ्यासकांच्या मनचं तर नाही?

रास्त शंका आहे. पण नाण्यांवर चित्र असतं आणि शेजारी नावही असतं. तेच चित्र दगडात दिसलं की ओळख पटते. पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर लेख मिळतात. पॉसेनियस नावाचा ग्रीक प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गावोगाव फिरला आणि कुठल्या देवळात काय पाहिलं ते लिहून गेला. शिवाय एकच खूण शेकडो ठिकाणी त्याच देवाजवळ दिसली तर योगायोग म्हणता येत नाही.

जिथे असा आधार नाही, तिथे वाद मिटत नाहीत. रोममधली ‘आरा पाकिस’ ही शांततेची वेदी इसवी सनापूर्वी ९ मध्ये अर्पण झाली. तिच्या एका पट्टावर मांडीवर दोन बाळं घेतलेली स्त्री आहे, भोवती गुरं, फळं, फुलं. ती भूमाता, इटली, शांतिदेवता की व्हीनस? प्रत्येक मताला जाणते पाठीराखे आहेत. मला वाटतं, ती एकच कोणीतरी असावी हा हट्ट आपला आहे. ऑगस्टसला हे चारही अर्थ सोयीचेच होते.

आणि जे चिन्ह नाहीच, ते?

इथे उत्साही माणूस घसरतो. पुतळ्यात दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला अर्थ नसतो.

पांढरा रंग घ्या. शुभ्र संगमरवर म्हणजे पावित्र्य, शांती वगैरे बरंच लिहिलं गेलंय. मूळ पुतळे रंगवलेले होते. ओठ, केस, डोळ्यांची बुबुळं, वस्त्रांचे काठ, सगळं. प्रिमा पोर्टाच्या ऑगस्टसवरही रंगाचे अंश मिळाले. रंग उडाला, नंतर लोकांनी उरलेसुरले डाग घासून काढले आणि मग त्या कोऱ्या दगडालाच अभिजात म्हटलं. शेंदूर खरवडलेला मारुती पाहून त्याला वैराग्यमूर्ती म्हणावं तसं हे झालं. संगमरवरी पुतळ्यांचे डोळे कोरे, शून्यात लागलेले दिसतात तेही बऱ्याचदा यामुळेच.

पुतळ्याच्या पायाशी असलेला झाडाचा बुंधा हाही असाच. कांस्याचा पुतळा आतून पोकळ आणि हलका, तो दोन पायांवर उभा राहतो. त्याची प्रत संगमरवरात करायची तर घोट्याशी दगड मोडेल, म्हणून टेकू. हुशार शिल्पकार त्या टेकूलाच कामाला लावतो. ऑगस्टसच्या पायाशी असलेला डॉल्फिन त्याचा पाय सावरतो आणि वंशावळही सांगतो.

आणि घोड्याचे पाय. पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर स्वार रणांगणात मेला, एक वर असेल तर जखमांनी, चारही जमिनीवर असतील तर नैसर्गिक मरण, हा निरोप तुम्हालाही कधीतरी आला असेल. शिवाजी महाराजांचे अश्वारूढ पुतळेच बघा. काहींत घोड्याचे दोन्ही पाय वर, काहींत एक. महाराज वारले ते १६८० साली, रायगडावर, आजारपणात. प्राचीन रोममध्येही असा नियम नव्हता. तिथल्या सर्वांत प्रसिद्ध अश्वारूढ पुतळ्यात, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या, घोड्याचा उजवा पाय उचललेला आहे आणि मार्कस इसवी सन १८० मध्ये आजाराने गेला.

त्या पुतळ्यात वाचायचं ते घोड्याचा पाय नव्हे, स्वाराचा हात. चिलखत नाही, शस्त्र नाही, उजवा तळवा पुढे पसरलेला. जिंकून झालेल्या माणसाने अभय द्यावं तसा. पण मध्ययुगातल्या रोमकरांनी तो हात वेगळाच वाचला. हा स्वार त्यांना कॉन्स्टंटाइन वाटला, ख्रिस्ती धर्माला आश्रय देणारा सम्राट. बाकी सम्राटांचे कांस्याचे घोडे आणि स्वार एकेक करून भट्टीत गेले, वितळून दुसऱ्या कामाला लागले. याला कुणी हात लावला नाही. तो मार्कस आहे हे पंधराव्या शतकात अभ्यासकांच्या लक्षात आलं, तोवर पुतळे वितळवण्याचे दिवस सरले होते. १५३८ साली त्याला कॅपिटोलिन टेकडीवर आणलं गेलं. तिथे चौकात आता त्याची प्रतिकृती आहे, मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात, आत.